हरलेल्या सामन्यातल्या धावा कुठे जातात?



आजचा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या प्रश्नातून निघाला आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेचा मुलींचा कबड्डी संघ बीटस्तरावर खेळायला गेला होता. पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो. समोरचा संघ उंचापुरा, सराव केलेला, आणि आमच्या मुली अर्ध्या पाचवीतल्या. येताना क्रूझर गाडीत सगळ्या गप्प होत्या. मी पण थकले होते. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी "आपला संघ सामना हरला, पुढच्या वर्षी जोमाने तयारी करू" एवढं एक वाक्य बोलले आणि क्रीडा नोंदवहीत 'पराभूत' असा एक शब्द लिहून मोकळी झाले.

मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्याजवळ आली. आमच्या संघाचे एकूण गुण 19 झाले होते, त्यातले 13 तिने एकटीने चढाया करून आणले होते. तिने विचारलं, "मॅडम, आपण हरलो हे खरंय. पण मी आणलेले 13 गुण कुठं गेले?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. "अगं, खेळात भाग घेणं महत्त्वाचं" असं आपण शिक्षक नेहमी बोलतो ते ओठांवर आलं होतं, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ती भाग घेण्याबद्दल विचारत नव्हती. ती हिशोब विचारत होती. म्हणून मग मी आठवडाभर क्रिकेटची जुनी धावफलकं शोधत बसले, आणि त्यातून हा पाठ तयार झाला. इयत्ता पाचवी ते सातवीला तो गणितात चालतो, भाषेत चालतो, आणि खेळाच्या तासाला पावसामुळे वर्गात बसावं लागलं तर फारच उपयोगी पडतो.

सुरुवात जरा लांबून करू. तुमच्यापैकी काहींनी शालेय क्रीडा स्पर्धेत सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल पाहिला असेल. अमेरिकेत बेसबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेटच समजा. तिथे दर वर्षी प्रत्येक लीगमध्ये एका खेळाडूला 'सर्वात मौल्यवान खेळाडू' असा मान देतात. 1987 साली शिकागो कब्ज या संघाच्या आंद्रे डॉसन या खेळाडूने 49 होम रन मारले. होम रन म्हणजे साधारण आपला षटकार म्हणा, पण तो मारणं त्याहून बरंच अवघड. डॉसनला त्या वर्षी हा मान मिळाला. आणि त्याचा संघ? गटात शेवटच्या क्रमांकावर! शेवटच्या क्रमांकाच्या संघातल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा तिथे वाद झाला, आणि तसाच वाद आजही होतो: संघ तळाला असेल तर त्यातला खेळाडू 'मौल्यवान' कसा? तो नसता तरी संघ शेवटचाच आला असता ना?

मी हा प्रश्न वर्गात टाकला तर वर्गाचे सरळ दोन तट पडले. तुम्हीही टाकून पाहा. लगेच उत्तर देऊ नका, आधी आपल्या मातीतला माणूस भेटवा.

त्यांचं नाव विजय सॅम्युएल हजारे. जन्म 11 मार्च 1915, सांगली. वडील शाळामास्तर आणि घरात आठ भावंडं. (शिक्षकांनो, हे वाक्य मी वर्गात जरा सावकाश वाचते. आपल्या मुलांपैकी कितीतरी जणांचं घर असंच भरलेलं असतं.) हजारे कुटुंब मराठी ख्रिस्ती होतं. विजय हजारे शांत स्वभावाचे, कमी बोलणारे. बॅट धरून उभे राहण्याची त्यांची पद्धत काहीशी वेगळी होती, पुस्तकात दाखवतात तशी नव्हती. ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं, तेव्हा ग्रिमेट यांनी ही पद्धत बदलायला लावली नाही. चांगला शिक्षक असंच करतो, जे चालतंय ते उगाच मोडत नाही. 1939-40 च्या मोसमात महाराष्ट्राकडून खेळताना हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा काढल्या. भारतीय खेळाडूचं प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधलं ते पहिलं त्रिशतक. पुढे ते बडोद्याकडूनच खेळू लागले.

आता आपल्या मुद्द्याची गोष्ट. डिसेंबर 1943. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम.

त्या काळात मुंबईत एक मोठी स्पर्धा व्हायची, तिला पंचरंगी सामने म्हणत. आज ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यात संघ धर्मावरून पाडलेले असत. युरोपियन, हिंदू, मुस्लिम, पारशी, आणि या चारांत न बसणाऱ्या सगळ्यांचा मिळून 'रेस्ट' म्हणजे उरलेल्यांचा संघ. भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे खेळाडू त्यात असत. मुलांना हे सांगताना लपवू नका. "धर्मावरून संघ का?" असं ती विचारतातच. महात्मा गांधींनी 1940 साली या पद्धतीला विरोध केला होता, आणि 1946 नंतर ही स्पर्धा बंद झाली ती कायमची. आजच्या पाठापुरतं एवढं लक्षात ठेवा, की 'रेस्ट'ला निवडायला माणसंच कमी. समोर मोठमोठे संघ. आमच्या पाचवीतल्या मुलींसारखीच त्यांची गत.

तरी त्या वर्षी रेस्टचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. त्याआधी मुस्लिम संघाविरुद्ध हजारे यांनी 248 धावा काढल्या होत्या आणि स्पर्धेतला सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम आपल्या नावावर केला होता. अंतिम सामन्यात गाठ पडली हिंदू संघाशी. त्या संघात होते विजय मर्चंट. म्हणजे दोन्हीकडे विजयच! मर्चंट यांनी नाबाद 250 धावा काढून हजारे यांचा काही दिवसांपूर्वीचा विक्रम दोन धावांनी मोडला. हिंदू संघाने 5 बाद 581 वर डाव सोडला. मग रेस्ट फलंदाजीला आले आणि 133 धावांत सर्वबाद झाले. त्यातल्या 59 हजारे यांच्या.

पहिल्या डावात खूपच मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावता येतं, त्याला फॉलोऑन म्हणतात. रेस्टवर तो आला. दुसऱ्या डावातही धडाधड पाच गडी बाद झाले. सामना संपल्यातच जमा होता. तेव्हा हजारे यांच्या जोडीला आला त्यांचाच भाऊ, विवेक हजारे. दोघा भावांनी सहाव्या गड्यासाठी 300 धावांची भागीदारी केली. त्या 300 मध्ये विवेक यांच्या धावा किती असतील? अंदाज करा. माझ्या वर्गात कुणी 100 म्हणालं, कुणी 120.

21.

हो, फक्त एकवीस. थोरला भाऊ धावा काढत राहिला आणि धाकटा एक टोक धरून उभा राहिला. विजय हजारे यांनी 309 धावा काढल्या आणि मर्चंट यांचा ताजा विक्रम परत आपल्याकडे आणला. संघाच्या एकूण धावा झाल्या 387. आणि निकाल? रेस्टचा एक डाव आणि 61 धावांनी पराभव.

आता पाट्या, वह्या काढा. आधी निकाल बरोबर आहे का ते आपणच तपासू. रेस्टच्या दोन्ही डावांच्या धावा 133 अधिक 387 बरोबर 520. हिंदू संघाच्या एकाच डावात 581. वजाबाकी केली की 61. म्हणजे दोन वेळा खेळूनही रेस्टला त्यांच्या एका डावाची बरोबरी करता आली नाही. 'एक डाव आणि 61 धावा' याचा अर्थ एवढाच. मोठ्या माणसांनासुद्धा हा शब्दप्रयोग नीट कळलेला नसतो, पण मुलांना एका वजाबाकीत कळतो.

पुढचं गणित शतमानाचं. 387 पैकी 309 म्हणजे शेकडा किती? 309 ला 100 ने गुणायचं आणि 387 ने भागायचं. उत्तर येतं 79.84. म्हणजे जवळजवळ 80 टक्के धावा एकट्याच्या. बाकी सगळ्या फलंदाजांच्या आणि अवांतर धावा मिळून झाल्या 78. तुलनेसाठी एक आकडा देते. कसोटी क्रिकेटचा अगदी पहिला सामना 1877 साली मेलबर्नला झाला, त्यात ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बॅनरमन याने संघाच्या 245 पैकी 165 धावा काढल्या होत्या. ते होतात 67.35 टक्के, आणि कसोटीत तो विक्रम आजही टिकून आहे. हजारे यांचा हा सामना कसोटी नव्हता, त्यामुळे त्या यादीत त्यांचं नाव येत नाही. पण आकडे शेजारी-शेजारी मांडून बघायला काय हरकत आहे?

इथे वर्गातला एक पोरगा उठून म्हणाला, "मॅडम, मग हजारे हरले कसे? ते तर जिंकले." दुसरा म्हणाला, "संघ हरला म्हणजे तेबी हरले." मी फळ्यावर दोन रकाने आखले, एकावर 'हजारे' आणि दुसऱ्यावर 'रेस्ट', आणि तसेच मोकळे ठेवले.

आता चार वर्षं पुढे जाऊ.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला आणि काही महिन्यांतच भारताचा क्रिकेट संघ पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला गेला. स्वतंत्र भारताची ही पहिलीच कसोटी मालिका. संघ आधीच मोडका झालेला. विजय मर्चंट कर्णधार म्हणून जाणार होते, पण तब्येतीमुळे गेले नाहीत. मुश्ताक अली आणि रुसी मोदीही नव्हते. फाळणीमुळे फझल महमूदसारखा गोलंदाज पाकिस्तानात गेला. लाला अमरनाथ यांच्याकडे नेतृत्व आलं. समोर कोण? डॉन ब्रॅडमन, आणि त्यांच्याकडे रे लिंडवॉल, कीथ मिलर असे तोफखान्यासारखे गोलंदाज. ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत आपण दोन डावांत 58 आणि 98 धावांत बाद झालो. सिडनीची कसोटी पावसामुळे अनिर्णित राहिली. मेलबर्नला परत हरलो.

आणि हजारे? पहिल्या तीन कसोटींत त्यांच्या बॅटने काही विशेष केलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते. मोठ्या खेळाडूची गोष्ट सांगताना आपण त्याचे वाईट दिवस गाळून टाकतो, आणि मग मुलांना वाटतं की ही माणसं रोजच शतक काढत होती. गोलंदाजीत मात्र त्यांनी सिडनीला एक काम करून ठेवलं होतं: ब्रॅडमन यांचा 13 धावांवर त्रिफळा उडवला होता.

मग आली चौथी कसोटी. ॲडलेड, जानेवारी 1948. ऑस्ट्रेलियाने आधी फलंदाजी करून 674 धावांचा डोंगर रचला. ब्रॅडमन 201, हॅसेट नाबाद 198. (201 वर ब्रॅडमनचा त्रिफळा कुणी उडवला, तर हजारे यांनीच, पण तोवर दूध उतू गेलं होतं.) भारताचा डाव घसरायला लागला तेव्हा हजारे आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी सहाव्या गड्यासाठी 188 धावा जोडल्या. हजारे 116, फडकर 123. तरी संघ 381 वर आटोपला, आणि परत तोच फॉलोऑन.

दुसऱ्या डावात विनू मंकड शून्यावर गेले, अमरनाथ शून्यावर गेले. लिंडवॉल नुसता आग ओकत होता, त्याने त्या डावात 38 धावांत 7 गडी बाद केले. नुकतंच शतक काढून आलेले हजारे पुन्हा बॅट घेऊन उतरले आणि त्यांनी 145 धावा काढल्या. हेमू अधिकारी यांनी 51 करून साथ दिली. पूर्ण संघाच्या झाल्या 277. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे हजारे हे पहिले भारतीय. आणि निकाल: भारताचा एक डाव आणि 16 धावांनी पराभव. आधीचं गणित समजलं असेल तर हे 16 कुठून आले ते आता तुम्हीच काढा. 381, 277 आणि 674 एवढे तीनच आकडे लागतील.

मालिका आपण 4-0 ने हरलो. हजारे यांच्या पाच कसोटींत मिळून धावा झाल्या 429, सरासरी 47.66. इथे सरासरीचा एक खास धडा आहे. ते दहा डाव खेळले, मग 429 भागिले 10 केले तर 42.9 यायला हवेत. मग 47.66 कसे? कारण क्रिकेटमध्ये धावांना डावांनी भागत नाहीत, किती वेळा बाद झालो त्या संख्येने भागतात. एका डावात ते नाबाद होते, म्हणून 429 भागिले 9. आपल्या गणिताच्या पुस्तकातली सरासरी आणि क्रिकेटची सरासरी यांच्यात हा फरक आहे, आणि परीक्षेत मुलं इथेच फसतात. दुसरी गंमत अशी, की 429 मधून ॲडलेडच्या 261 काढून टाका. उरतात 168, आणि त्या आठ डावांत मिळून. म्हणजे सरासरी हा आकडा सगळं सांगत नाही. एका गावाचा सरासरी पाऊस बरोबर भरतो, पण तो दोनच दिवसांत पडलेला असतो. मराठवाड्यातल्या लेकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हजारे यांना पुढे जिंकण्याचाही दिवस दिसला. फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून इतिहासातला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. त्या सामन्याचा नायक मात्र 12 गडी बाद करणारे विनू मंकड. 1960 साली हजारे यांना पद्मश्री मिळाली. 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यात त्यांचं निधन झालं. तीस कसोटी, 2192 धावा, सात शतकं.

अशी गोष्ट एकट्या हजारे यांचीच नाही. सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर 1962 साली वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. तो दौरा तर आपल्यासाठी दुःस्वप्नच. बार्बाडोसला एका सामन्यात कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला, कवटीला इजा झाली, प्राणावर बेतलं. त्यांना रक्त देणाऱ्यांत समोरच्या संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी होते आणि उम्रीगरही होते. पाचही कसोटी आपण हरलो. पण पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत उम्रीगर यांनी 107 धावांत 5 गडी बाद केले, पहिल्या डावात 56 आणि दुसऱ्या डावात नाबाद 172 धावा काढल्या. एका माणसाने एका सामन्यात आणखी काय करायचं सांगा! भारत सात गडी राखून हरला. मालिकेत त्यांच्या धावा 445.

आणि ही फक्त जुन्या काळची गोष्ट आहे असंही नाही. आज देशातल्या एकदिवसीय स्पर्धेला 'विजय हजारे करंडक' असं नाव आहे. डिसेंबर 2021 मध्ये या स्पर्धेत महाराष्ट्राचा कर्णधार ऋतुराज गायकवाड याने पाच सामन्यांत 136, नाबाद 154, 124, 21 आणि 168 अशा धावा केल्या. बेरीज करा, 603 येते. पाचात चार शतकं. महाराष्ट्राने पाचपैकी चार सामने जिंकले, एक केरळकडून हरला, आणि त्याही सामन्यात ऋतुराजचं शतक होतं. गटात केरळ, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या तिघांचे गुण सारखे झाले. मग निव्वळ धावगती पाहिली गेली. आपण दर षटकाला सरासरी किती धावा काढल्या आणि समोरच्यांनी आपल्याविरुद्ध किती काढल्या, यातला फरक म्हणजे निव्वळ धावगती. त्यात महाराष्ट्र मागे पडला आणि बाद फेरीत गेलाच नाही. पाच सामन्यांत चार शतकं काढणारा कर्णधार घरी, आणि स्पर्धा पुढे चालू.

पुढच्या वर्षी, 2022 ला, त्याने उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद 220 काढल्या आणि एकाच षटकात सात षटकार मारले. (सहा चेंडूंत सात कसे? एक चेंडू नो-बॉल होता. मुलं हा प्रश्न विचारणारच, तयार राहा.) उपांत्य फेरीत आसामविरुद्ध त्याच्या 168 आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या अंकित बावणेच्या 110 धावा. अंकितचं नाव घेतलं की वर्गात टाळ्या पडतात, आपल्याकडचा आहे ना! अंतिम सामन्यात ऋतुराजने पुन्हा 108 केल्या. सौराष्ट्राच्या शेल्डन जॅक्सनने नाबाद 133 करून करंडक नेला. ऋतुराजच्या त्या वर्षीच्या धावा पाच सामन्यांत 660, सरासरी 220. करंडक नाही.

आता त्या डॉसनच्या वादाकडे परत येऊ. तो नसता तरी संघ शेवटचाच आला असता, हे म्हणणं मला पटत नाही, आणि का ते सांगते. ॲडलेडला हजारे यांचे दोन्ही डाव काढून टाका. 658 मधून 261 गेले की उरतात 397. पराभव 16 धावांचा नाही, 277 धावांचा होतो, तोही डावाने. निकालाच्या रकान्यात दोन्ही वेळा 'पराभूत' हाच शब्द येईल. पण हे दोन पराभव सारखे आहेत का? मैदानावर बसलेल्या माणसाला विचारा. लिंडवॉलला विचारा, त्याला किती जास्त पळावं लागलं. 'जिंकले' आणि 'हरले' हे दोन शब्द फार मोठे डबे आहेत, त्यांत खूप काही कोंबलं जातं. धावफलक मात्र एकेक धाव वेगळी लिहितो, कुणाची ते लिहितो, आणि निकाल काहीही लागला तरी ती खोडत नाही.

उलट बाजूही मुलांना दाखवा. रेस्टच्या खेळाडूंना 309 चं कौतुक वाटलं असेल, तसं सामना गेल्याचं वाईटही वाटलंच असेल. स्वतःच्या धावा मोजत बसणारा खेळाडू संघाला नको असतो, हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि फळ्यावरचे ते दोन रकाने मी याचसाठी मोकळे ठेवले होते. मुलांनी ते कसे भरले? 'रेस्ट' खाली सगळ्यांनी 'हरले' लिहिलं. 'हजारे' खाली एकाने 'हरले', एकाने 'जिंकले' आणि एका पोरीने नुसतं '309' लिहिलं. मला ते उत्तर सर्वात आवडलं.

उपक्रम म्हणून आम्ही आमच्या त्या कबड्डी सामन्याचा गुणफलक पुन्हा तयार केला. आमच्या एका सातवीच्या मुलाने सामन्याच्या वेळी वहीच्या मागच्या पानावर ताळ्याच्या खुणा केल्या होत्या, तेच आमचं साधन. खेळाडूचं नाव, चढाईचे गुण, पकडीचे गुण, किती वेळा बाद, असे रकाने पाडले. तुमच्या शाळेत कबड्डी नसेल तर खो-खो घ्या, किती सेकंद संरक्षण केलं ते लिहा. 19 पैकी 13 चं शतमान मुलांनी काढलं: 68.42. लगेच एकजण ओरडला, "मॅडम, बॅनरमनला मागं टाकलं!" कबड्डी आणि क्रिकेटची अशी तुलना होत नाही हे मी सांगितलं, पण कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती मात्र शांत बसली होती. तास संपताना तिने हात वर केला.

"मॅडम, त्या 300 मध्ये भावाच्या 21 च होत्या ना?"

"हो."

"मग कोपऱ्यात उभी राहून दोन पकडी करणारी आपली पाचवीतली पोरगी, तिचे 2 गुण पण लिहा. ती शेवटपर्यंत बाद झाली नव्हती."

मी कपाटातून क्रीडा नोंदवही काढली. 'पराभूत' हा शब्द होता तसाच ठेवला, तो खराच होता. त्याच्याखाली जागा होती, तिथे सात जणींची नावं आणि प्रत्येकीपुढे गुण लिहिले. दोघींपुढे शून्य आलं. तेही लिहिलं.